माझ्या चेहऱ्यावरचा अंगठा

मी एक जुना डिटेक्टर आहे, मित्रांनो, आणि माझ्या चेहऱ्यावर एका अंगठ्याचा ठसा आहे. आमच्या कुळात याहून मोठी नामुष्की नाही. तुमच्या चेहऱ्याला कुणी हात लावला तर तुम्ही साबणाने धुऊन मोकळे होता. मला धुता येत नाही, पुसताही येत नाही. तो ठसा कसा उमटला, ते सांगण्यासाठीच आज तोंड उघडतो आहे.

मी दिसायला अगदी सामान्य आहे. दक्षिण आफ्रिकेच्या पाच रँडच्या नाण्याहून थोडा मोठा, गोल, कडेने धातूचं कडं आणि पाठीमागे शेपटीसारखी एक तार. माझं अंग सिलिकॉनच्या पातळ चकतीचं आहे आणि चेहऱ्यावर सोन्याचा थर आहे. सोनं म्हटल्यावर तुमचे डोळे चमकले असतील. पण हा थर इतका पातळ आहे की सोनाराकडे नेलात तर तो तुम्हालाच हसेल. या थरामुळेच मी काम करू शकतो. दूर समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात पांढरे कपडे घातलेल्या एका बाईने मला घडवलं, काळ्या डबीत ठेवलं आणि डबीवर लिहिलं, तोंडाला हात लावू नये. ती डबी टपालाने केप टाउनला आली आणि तिथून द्राक्षमळ्यांच्या कडेला असलेल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पोचली. तेव्हापासून मी इथलाच.

माझं काम ऐकायला सोपं आहे. एका प्रचंड यंत्रातून अतिसूक्ष्म कणांचा झोत निघतो. वाटेत धातूचा एक पापुद्रा उभा केलेला असतो, कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ. झोत त्याच्यावर आदळला की त्यातले काही कण आतल्या अणूंना धडकून चहूकडे उडतात. जो कण माझ्या तोंडावर येईल तो मी मोजायचा आणि तो किती जोरात आला ते सांगायचं. एवढ्यावरून माणसं अणूच्या पोटात काय चाललं आहे ते ओळखतात. मला मात्र मान नाही, मित्रांनो. समोरून सरळ जे येईल तेच मला दिसतं, वळून पाहता येत नाही. त्यामुळे मला कुठे बसवलं आहे यावर सगळं अवलंबून असतं.

आणि बसवणं हे मोठं किचकट प्रकरण आहे. पापुद्र्याच्या अगदी जवळ बसवलं तर कण भरपूर मिळतात, पण कोणता कण नेमका कोणत्या कोनातून आला ते कळत नाही. लांब बसवलं तर कोन नेमका कळतो, पण माझी उपासमार होते. झोताच्या समोरच्या बाजूला इतकी गर्दी उसळते की मोजता मोजता आम्ही बावचळतो. मागच्या बाजूला पंगतीच्या शेवटच्या पानासारखी गत, वाढपी आला तर आला. शिवाय मला उजेड सहन होत नाही. म्हणून आम्हा सगळ्यांना एका पोलादी हंड्यात बसवतात, वर जड झाकण लावतात आणि आतली हवा काढून घेतात. आत मिट्ट काळोख होतो. तो काळोख मला घरासारखा वाटायचा.

त्या हंड्याभोवती माझी बरीच वर्षं गेली. आमच्याकडची रीत अशी की सोमवार ते शुक्रवार झोत शेजारच्या खोलीत जायचा. तिथे कर्करोगाच्या गाठींचे रोगी यायचे आणि त्या झोताने त्यांच्यावर उपचार व्हायचे. शुक्रवारी दुपारी शेवटचा रोगी घरी गेला की झोत आमच्या खोलीकडे वळवायचे आणि रविवारी संध्याकाळी परत करायचे. एखाद्या रोग्याची गाडी उशिरा आली तर आमच्या खोलीतली माणसं घड्याळाकडे पाहायची, पण तोंडातून शब्द काढायची नाहीत. कुणाची तरी आई, कुणाचा तरी बाप तिथे पलंगावर असायचा. उरलेले दोन दिवस आमचे, आणि ते दोन दिवस मिळावेत म्हणून लोक वर्षभर आधी समितीकडे अर्ज करून बसायचे.

खोलीचे मालक म्हणजे प्राध्यापक रीनियर थेरॉन. सगळे त्यांना नुसतं प्रॉफ म्हणत. उंच, तांबूस, ऐन थंडीतही खाकी अर्धी चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे आणि मोज्यात खोचलेला कंगवा. डोक्यावर केस फारसे राहिले नव्हते, पण कंगवा कायम होता. हंडा, पंप, नळ्या हे सगळं सांभाळायचे आर्मीन गसांत. त्यांना लहानथोर सगळे बूता म्हणत. त्यांच्या मोहल्ल्यात थोरल्या भावाला बूता म्हणतात. दर रविवारी सकाळी त्यांची बायको पाकात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले कूसिस्टर डबाभर पाठवायची आणि प्रयोग कितीही बिघडलेला असो, तेवढा वेळ सगळे गोड तोंडाने बोलायचे.

आणि तिसरी वुयोकाझी जेझिले, सगळ्यांची वुयो. म्कांडुलीच्या डोंगरातून आलेली, डॉक्टरेटचा अभ्यास करणारी. घरातून विद्यापीठात गेलेली ती पहिलीच. तिची आई दर फोनला एकच प्रश्न विचारायची, कधी संपणार गं तुझं. वुयो दर वेळी सांगायची, या वर्षी. त्या वर्षी मात्र ते खरंच व्हायला हवं होतं, कारण डिसेंबरमध्ये तिची शिष्यवृत्ती संपत होती आणि तिला झोताची एकच पाळी मिळाली होती, सप्टेंबरातल्या एका शनिवार-रविवारची.

तिचा प्रश्न असा होता. एका अणूच्या धडकेबद्दल विद्वानांचे दोन पक्ष होते. दोघांची गणितं जवळजवळ सगळीकडे सारखंच उत्तर द्यायची. फक्त एका ठिकाणी, झोताच्या मागच्या बाजूला तिरक्या एका कोनात, पहिला पक्ष म्हणायचा भरपूर कण येतील आणि दुसरा म्हणायचा जवळजवळ काहीच येणार नाही. तेव्हा खरं भांडण त्या एका जागेवर होतं. बाकीच्या जागा साक्षीला.

ती जागा शोधायला वुयोने अख्खा हिवाळा, म्हणजे आमच्याकडचे जून ते ऑगस्ट, घालवला. संगणकात तिने आमचा हंडा उभा केला, त्यात आम्हाला बसवलं, कोट्यवधी खोटे कण सोडले आणि कुणाच्या वाट्याला किती येतात ते पाहिलं. मग आम्हाला जरा सरकवलं आणि पुन्हा सोडले. संगणकाने पोट भरलं नाही म्हणून टेबलावर तपकिरी कागद पसरून त्यावर हंड्याचं वर्तुळ काढलं आणि आमच्या जागी चहाचे मग मांडले. ती अर्धा दिवस मग इकडचे तिकडे करत बसायची. एकदा ती फोनवर बोलायला बाहेर गेली आणि परत येऊन पाहते तो महत्त्वाच्या जागेवरचा मग रिकामा. बूता आर्मीन मिशा पुसत म्हणाले, "तुझा मागचा डिटेक्टर मी पिऊन टाकला, पोरी. साखर कमी होती." ती पंधरवडाभर त्यांना चोर म्हणत होती.

शेवटी जागा ठरली आणि तिथे कोणी बसायचं हा प्रश्न आला. कपाटात नवे कोरे डिटेक्टर आले होते. प्रॉफचं मत होतं की मोक्याच्या जागी नवा बसवावा. वुयोने आम्हा सगळ्यांना एक एक करून तपासलं. नव्यांचे चेहरे चकचकीत होते, पण दोन जवळजवळच्या कणांतला फरक ओळखण्यात मीच सरस निघालो. ती प्रॉफना म्हणाली, "जिथं खरं भांडण आहे, तिथं मला हाच हवा." हातमोजे घालून, मला कडेने धरून, श्वास रोखून तिने मला त्या जागेवर बसवलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझी एवढी स्तुती पूर्वी कधी झाली नव्हती आणि नंतरही झाली नाही.

आता शिडीबद्दल सांगायला हवं. पापुद्रा एका धातूच्या चौकटीत ताणून बसवलेला असतो. अशा चौकटी एका उभ्या शिडीवर लावतात आणि झाकण लागल्यावर बाहेरची मूठ फिरवून शिडी हव्या त्या कोनात वळवतात. मुठीखाली पितळेची एक तबकडी होती, तिच्यावर अंश कोरलेले. शिडी बरोबर वळवली तर पापुद्र्याचं तोंड माझ्याकडे येतं. उलट वळवली तर माझ्यासमोर येते चौकटीची जाड कड, आणि तिच्यातून कण बाहेर पडू शकत नाहीत.

ही मूठ आणि तबकडी पहिल्यापासून हंड्याच्या खाली होती. दर वेळी बूता आर्मीनना गार काँक्रीटवर उताणं झोपून सरपटत आत जावं लागायचं. त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. बाहेर येताना ते असे काही कण्हायचे की वुयोला बघवेना. तिनेच प्रॉफच्या मागे लागून परवानगी मिळवली आणि ऑगस्टात यंत्र दुरुस्तीसाठी बंद होतं तेव्हा बूतांनी मूठ हंड्याच्या वरच्या काठावर आणली. पितळी तबकडी त्यांच्या उस्तादांनी कोरलेली होती, ती त्यांनी घासूनपुसून चकचकीत केली आणि होती तशी वर बसवली. काम झाल्यावर त्यांनी वुयोला सांगितलं की तुझ्यामुळे माझा नमाजसुद्धा सुधारणार आहे.

तुमच्या लक्षात आलं का? काचेच्या टेबलावर एक घड्याळ ठेवा आणि टेबलाखालून काट्यांकडे पाहा. काटे उलटे फिरताना दिसतील. जी तबकडी खालून पाहायची होती, ती आता वरून पाहिली जात होती. तिच्यावर तेवढेच अंश, तीच खूण, पण शिडी आता आरशातल्यासारखी दुसऱ्या बाजूला वळत होती. तिघंही शहाणी माणसं होती. एकानेही वाईट हेतूने काही केलं नव्हतं. एकीला दया आली, दुसऱ्याने मेहनत केली, तिसऱ्याने होकार दिला आणि तिथेच घात झाला.

शुक्रवारी दुपारी शेवटचा रोगी गेला. झाकण लागलं, हवा निघाली, काळोख झाला. प्रॉफनी अंश वाचून दाखवले, बूतांनी मूठ फिरवली. मी समोर पाहत होतो. पापुद्रा माझ्याकडे यायचा तो माझ्यापासून लांब लांब गेला आणि माझ्यासमोर चौकटीची कड येऊन उभी राहिली. मी ओरडलो असतो, पण मला एकच बोली येते, कण आला की ठक करायचं. कण आलाच नाही तर मी गप्प. आणि माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लावायला बाहेर माणसं बसली होती.

शनिवारी सकाळपर्यंत बाकीच्यांच्या आकड्यांचे डोंगर झाले होते आणि माझ्या नावावर चार दाणे. वुयो पडद्यासमोरून हलेना. तारा तपासल्या, जोडण्या तपासल्या, सगळं ठीक होतं. प्रॉफ तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"म्हातारा झालाय तो, वुयो."

"परवा तपासला तेव्हा ठणठणीत होता, प्रॉफ."

"माझा मोठा भाऊसुद्धा परवा ठणठणीत होता. काढ त्याला. नवा लाव. झाकण उघडलं तर आजचा दिवस जाईल, पण उद्याचा तरी हाती लागेल."

ती क्षणभर थांबली. मला वाटलं, आता म्हणेल की जिथं भांडण आहे तिथं मला हाच हवा. मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की आधी मूठ जरा इकडेतिकडे फिरवून पाहू. झाकण उघडायची गरज नव्हती, मित्रांनो. हाताच्या एका वळशाचं काम होतं. पण मी जुना होतो, आणि जुनी वस्तू समोर असली की माणसाला दुसरं कारण शोधावंसं वाटत नाही. वुयो म्हणाली, बरं.

झाकण उघडलं. दिव्यांचा लख्ख उजेड माझ्या तोंडावर पडला. दिवस हातातून चालला होता, प्रॉफ घड्याळ पाहत होते, हातमोज्यांचं खोकं पलीकडच्या टेबलावर होतं. ज्याला टाकूनच द्यायचं आहे त्याला कसले हातमोजे. वुयोने हात आत घातला आणि मला उघड्या बोटांनी उपटलं. तिचा अंगठा माझ्या चेहऱ्याच्या मधोमध पडला. तो घामाने ओला होता आणि गरम होता. इतक्या वर्षांत माझ्या चेहऱ्याला झालेला माणसाचा तो पहिला स्पर्श. तिच्या ते लक्षातही आलं नाही. तिने मला माझ्या डबीत टाकलं आणि डबी टेबलावर सरकवली. बूतांनी तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं, ‘स्टुकंद’. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ मोडका.

माझ्या जागी नवा बसला. रविवारी सकाळी झोत सुरू झाला, आणि त्याच्या नावावरही चार दाणेच जमले. मी डबीत पडल्या पडल्या ऐकत होतो. मला वाटलं, आता तरी यांची खात्री पटेल की दोष माझा नव्हता. झालं भलतंच. प्रॉफ पडद्याकडे बघत राहिले, मग त्यांनी मोज्यातला कंगवा काढून डोक्यावरून फिरवला. आनंद झाला की ते असं करायचे. दोन वेगवेगळे डिटेक्टर एकच सांगताहेत, ते म्हणाले, म्हणजे तिथं खरंच कण येत नाहीत. दुसऱ्या पक्षाचं गणित बरोबर. वुयो, हेच तुझं उत्तर.

कूसिस्टरचा डबा उघडला गेला. प्रॉफनी वुयोचा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि पाक दोघांच्याही मनगटांवर ओघळला. वुयोने तिथूनच आईला फोन लावला. "आई, झालं माझं." पलीकडून म्हातारीने जीभ हलवून जो आनंदाचा चीत्कार केला तो माझ्या डबीतसुद्धा ऐकू आला. बूता आर्मीन म्हणाले की आता डॉक्टरीणबाईंच्या मगातला चहा पिण्याची आपली हिंमत होणार नाही. सगळे हसले.

नव्याचं म्हणणं खरं मानलं गेलं. तेच मी आदल्या दिवशी सांगितलं होतं, तर मी मोडका ठरलो. माझ्यावरची पट्टी काढावी असं एकाच्याही मनात आलं नाही. वुयोने एकदा माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं, पण तिने लगेच नजर फिरवली.

सोमवारी सकाळी झोत रोग्यांकडे परत गेला होता. प्रॉफ वर्गावर होते. वुयो एकटीच गुणगुणत हंडा आवरायला आली. या वेळी हातमोजे घालून, हळुवार हाताने तिने नव्याला काढून ठेवलं. मग त्याची बैठक पुसायला ती वाकली, आणि वाकता वाकता तिचा डोळा माझ्या जागेच्या रेषेत आला. तिचं गुणगुणणं थांबलं.

ती जरा मागे झाली. डोळा पुन्हा तिथे लावला. माझ्या जागेवरून तिला दिसली ती चौकटीची कड, पापुद्रा नाही. तिने वर हात नेऊन मूठ उलट बाजूला वळवली आणि परत पाहिलं. आता पापुद्र्याचं पूर्ण तोंड तिच्याकडे चमकत होतं. संगणकात तिने नुसता पापुद्रा उभा केला होता, त्याची चौकट नाही, आणि तो नेहमी बरोबर बाजूलाच वळायचा. मग ती खाली बसली, अगदी त्याच जागी जिथे पूर्वी बूता उताणे पडायचे.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. शिडी शून्यावर आणून हंडा पुसून ठेवला असता तर हे जगात कुणालाच कळलं नसतं. तिच्याकडे उत्तर होतं, आईचा चीत्कार होता, डिसेंबर तोंडावर होता. ती उठली आणि तिचा हात मुठीवर गेला. खरं सांगतो, मला वाटलं आता ती शून्यावर नेणार. तिने मूठ फिरवली ती रविवारी होती तिथे, त्या चुकलेल्या अंशावर. आणि ती दोघांना बोलवायला गेली.

प्रॉफ आले. गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि त्यांनी माझ्या जागी डोळा लावला. त्यांची टकलावरची लाली उतरत गेली ती मी डबीच्या झाकणाच्या फटीतून पाहिली.

"हे अजून कुणी पाहिलंय?" त्यांनी न वळता विचारलं.

"तुम्ही, मी आणि बूता."

 आता तिथे काय काय ठरू शकलं असतं ते तिघांनाही कळत होतं. बूता आर्मीन पितळी तबकडीकडे पाहत होते. "मूठ मी बसवली," ते म्हणाले.

"माझ्या सांगण्यावरून," वुयो म्हणाली.

प्रॉफ सरळ उभे राहिले. एकाएकी ते फार म्हातारे दिसायला लागले. "काल आईला फोन केला होतास ना?"

"हो."

"मग आधी तिला सांग. समितीला मी सांगतो."

ती फोन करायला बाहेर गेली नाही. ती माझ्याकडे आली. तिने हातमोजे घातले, डबी उघडली, मला कडेने धरून तपासणीच्या यंत्राला जोडलं आणि श्वास रोखला, पूर्वीसारखाच. मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, मित्रांनो. पण त्या ओल्या अंगठ्याने सोनं दुखावलं होतं. माझ्यातून कणांच्या जागी नुसती खरखर निघत होती. तिने दिवा जवळ ओढला, मला तिरकं धरलं आणि तिला तो ठसा दिसला. मग तिने आपला अंगठा पाहिला. शनिवारी त्यांनी मला मोडका म्हटलं तेव्हा मी धडधाकट होतो. मोडका म्हटलं म्हणून मी मोडलो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला आजही त्रास होतो. समितीने सहानुभूती दाखवली आणि दुसऱ्या वर्षी अर्ज करा म्हणून सांगितलं. डिसेंबरात शिष्यवृत्ती संपली. वुयो म्कांडुलीला जाऊन शाळेत गणित शिकवू लागली. ती दूर असतानाच एका परक्या देशातल्या प्रयोगशाळेने तोच कोन मोजला. त्या जागी भरपूर कण आले. पहिला पक्ष बरोबर निघाला. शिडी नीट वळवली असती, किंवा वळवल्यावर एकदा तरी माझं ऐकलं असतं, तर हे उत्तर आमच्या खोलीतून, तिच्या नावाने बाहेर पडलं असतं. ही हळहळ मला अजून सोडत नाही.

वुयो परत आली ती दोन वर्षांनी. दुसरा विषय घेतला, पदवी मिळवली. तिची आई तोपर्यंत होती, पण कानाने गेली होती, त्यामुळे ती बातमी तिला फोनवर सांगता आली नाही, घरी जाऊन हातवारे करून सांगावी लागली. बूता आर्मीननी निवृत्त होण्यापूर्वी नवी तबकडी कोरली आणि उस्तादांची जुनी घरी नेली. प्रॉफ आता नाहीत. ती खोली आज वुयोच्या ताब्यात आहे आणि तिथे एक नवी रीत पडली आहे. शिडी वळवून झाली की झाकण लावण्यापूर्वी प्रत्येकाने, मग तो कितीही मोठा परदेशी विद्वान असो, हंड्यात वाकून प्रत्येक डिटेक्टरच्या जागी आपला डोळा लावायचा आणि त्याला काय दिसतंय ते मोठ्याने सांगायचं. पाहुणे कुरकुरतात. पाठ दुखते, वेळ जातो, संगणकात सगळं दिसतंच की, असं म्हणतात. वुयो त्यांच्यासाठी उशी आणून ठेवते.

मी तिच्या टेबलावर काचेच्या झाकणाच्या डबीत असतो. ती चिकटपट्टी तिने काढलेली नाही. वर्षातून एकदा तुमच्यासारखी शाळेची मुलं प्रयोगशाळा पाहायला येतात, तेव्हा ती मला तुमच्या हातात देते आणि भिंग देते. मागच्या खेपेला एका मुलीने भिंगातून पाहत विचारलं की एवढ्या छान सोन्यावर हे बोट कुणी लावलं. वुयोने आपला अंगठा काचेवर टेकवला. रेषांवर रेषा बरोबर जुळल्या. त्या मुलीने भिंग हळूच खाली ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी कोपऱ्यात गप्प बसलेलं असेल. एखादी वस्तू असेल, नाहीतर एखादं माणूसही. त्याच्यावर पट्टी चिकटवण्याआधी एकदा खाली वाका, त्याच्या जागी आपला डोळा लावा आणि तिथून काय दिसतं ते पाहा. माझ्या जागी वुयोने डोळा लावला. फक्त तोवर सोमवार झाला होता.